टेपबाईने टाकी धुतली

डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या मागे एक लांबट खोली आहे. तिला खिडकी नाही, आत पंखा लावायची परवानगी नाही, आणि भिंतीला लागून वाफेचं एक मोठं मशीन दिवसातून सहा वेळा फुसफुसतं. त्या खोलीत सव्वीस वर्षं एकच बाई काम करते आहे. डॉक्टरांचे चिमटे, केसासारख्या सुया, नखाएवढ्या सुऱ्या धुवायच्या, पुसायच्या, हिरव्या कापडात बांधायच्या, वर एक चिकटपट्टी लावायची आणि गाठोडं मशीनमध्ये घालायचं. त्या पट्टीवर फिकट रेघा असतात. वाफ पुरेशी बसली की त्या काळ्याभोर होतात. एखादी रेघ जरा राखाडी राहिली तर ही बाई अख्खं गाठोडं सोडते आणि पहिल्यापासून सुरुवात करते, बाहेर डॉक्टर हातमोजे घालून कितीही ताटकळोत. या पट्टीपायी सगळे तिला टेपबाई म्हणतात. तोंडावर अर्थात सिस्टर म्हणतात, ती सिस्टर नसली तरी.

तिच्या हातून गेलेल्या चिमट्याने कुणाचा डोळा चिघळला असं सव्वीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे ती स्वतःच सांगते, आणि न विचारता सांगते. पण ते खरं आहे. नवीन डॉक्टर आला की जुने डॉक्टर त्याला आधी या खोलीत आणतात आणि म्हणतात, या बाईंशी वाद घालायचा नाही.

हीच शिस्त तिने तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांतही चालवली. चपला दाराबाहेर. हात कोपरापर्यंत. फडकी आठवड्यातून एकदा उकळायची. नळाचं पाणी आधी मोरीतल्या निळ्या पिंपात भरायचं, त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, मगच कशालाही वापरायचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन आधीच असतं, असं नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं. "त्यांनी घातलं ते त्यांचं, मी घालते ते माझं," असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर ग्रीसमध्ये माखून घरी आला की दारातच त्याला कपडे बदलावे लागतात. शेजारच्यांनाही आता त्याची सवय झाली आहे.

मुलगी मात्र या घरात कशी जन्मली कोण जाणे. लहानपणी तिच्या फ्रॉकच्या खिशात गोगलगायी निघत. आई त्या चिमट्यात धरून खिडकीबाहेर टाकी. चौदाव्या वर्षी विज्ञानाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं तेव्हा तिने त्यातून तीन फुटांची काचेची टाकी आणली आणि बाबांना पुढे करून घरात घुसवली. तळाला काळी वाळू, तिच्यात दहा-बारा जातींच्या पाणवनस्पती, मध्ये एक वाकडा ओंडका, करंगळीच्या पेराएवढे अकरा लाल-निळे मासे आणि वाळू हुंगत फिरणारा एक मिशाळ मासा. त्याचं नाव आजोबा. चार वर्षं ती टाकी मुलीने एकटीने सांभाळली. पानं इतकी दाट झाली की आजोबा सकाळी शोधावा लागे.

मग ती शिकायला दुसऱ्या गावी, होस्टेलला गेली. जाताना टाकीच्या काचेवर एक कागद चिकटवून गेली. वर लिहिलं होतं, 'बाबांसाठी'. खाली: खायला एक चिमूट, दिवा सात तास, पंधरा दिवसांनी एक बादली पाणी बदलणे. आणि सगळ्यात शेवटी, खाली रेघ मारून: 'आईने टाकीला हात लावायचा नाही.'

टेपबाईला ते फार लागलं. सव्वीस वर्षं परक्या माणसांचे डोळे या हातांच्या भरवशावर उघडले जातात, आणि पोटची पोर लिहून ठेवते की या हातांनी काचेच्या डब्याला शिवायचं नाही!  घरातली भांडी दोन दिवस जरा जास्त वाजली.

दोन महिने ठीक गेले. मग एका सकाळी नवरा टाकीपुढे वाकून म्हणाला, "अगं, माशांच्या अंगावर मीठ सांडल्यासारखं काय दिसतंय?"

पांढरे ठिपके होते. मासे ओंडक्याला अंग घासत होते.

"पोरीला फोन करू का?" नवऱ्याने विचारलं.

"परीक्षा आहे तिची. आणि रोगजंतूंचं मला कुणी शिकवायला नको."

आता यात तिची अगदीच चूक होती असं नाही. तिने माशांच्या दुकानातून ठिपक्यांचं औषध आणलं आणि पाण्याच्या मापाने बरोब्बर घातलं. पाचव्या दिवशी ठिपके गेले. दुसरं कुणी असतं तर तिथे थांबलं असतं. पण अर्धवट उपचार म्हणजे काय ते टेपबाईने फार पाहिलं होतं. तिने औषधाचे दिवस पूर्ण केले. एका माशाचा पंख जरा झिजलेला वाटला, म्हणून वर अँटिबायोटिकचाही कोर्स केला, सात दिवसांचा, एक दिवसही न चुकवता. मासे टुणटुणीत झाले. नवरा म्हणाला, "मानलं बुवा तुला." आणि तिथेच घात झाला, कारण ते ऐकून टेपबाईचा हात आणखी शिवशिवला. रोग गेला, पण रोगाचं घर? तिने फिल्टरचं झाकण उघडलं. आत विटकरी, बुळबुळीत, मातीचा वास मारणारा स्पंज होता.

त्या दिवशी तिने जे केलं ते जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तिने तो स्पंज दोन पिशव्यांत बांधून हॉस्पिटलात नेला. पाच पाण्यांनी धुतला. दिवसाचं सगळं काम संपल्यावर हिरव्या कापडात गुंडाळून, वर पट्टी लावून, वाफेच्या मशीनमध्ये वीस मिनिटं घातला. रेघा काळ्याभोर उमटल्या. घरी येऊन तिने ते गाठोडं नवऱ्यापुढे सोडलं. स्पंज जरासा आक्रसला होता, पण दुकानातून आणल्यासारखा स्वच्छ. मग तिने काच आतून घासली, पानांवरचा लेप अंगठ्याने पुसला, पुसून निघेना ती पानं उपटली, आणि टाकीतलं सगळं पाणी काढून पिंपातलं ताजं भरलं. टाकी दिव्यासारखी लखलखली. काचेवरचा कागद भिजून निसटला होता. तो तिने वाळवून पुन्हा जागेवर चिकटवला, खाडाखोड न करता.

चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं.

"हे काय?" टेपबाई म्हणाली, आणि जे तिला येत होतं ते तिने केलं. पाणी काढलं, काच घासली, पुन्हा भरलं. सहाव्या दिवशी पाणी अधिकच दुधाळ. मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंडं मिटत-उघडत होते. सातव्या दिवशी एक मासा पानात अडकून मेलेला सापडला. तिने पुन्हा पाणी बदललं. आठव्या दिवशी दुसरा गेला. रविवारी मुलीचा फोन आला. "टाकी कशी आहे?" "छान आहे." "दाखव ना." "फोनची बॅटरी संपत आली गं," असं म्हणत टेपबाईने फोन छताकडे फिरवला. मुलीशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते तिला नीट जमलंही नाही.

माशांच्या दुकानातला माणूस जाडा, सावकाश बोलणारा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. स्पंजाची वाफेची हकिगत आली तेव्हा त्याने हातातली जाळी खाली ठेवली.

"वाफ म्हणजे... वाफ?"

"एकशे एकवीस डिग्री," टेपबाई म्हणाली. "वीस मिनिटं."

"मॅडम, तुम्ही मासे वाचवलेत आणि टाकी मारलीत."

मग त्याने सांगितलं. मासे पाण्यातच हगतात-मुततात, त्याचा अमोनिया होतो, अमोनिया म्हणजे त्यांना विष. स्पंजात आणि वाळूत जे बॅक्टेरिया बसलेले असतात ते तो अमोनिया खातात. त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया तेही खातात, आणि उरेल ते झाडांना खत होतं. तो विटकरी बुळबुळाट म्हणजे चार वर्षांत जमलेले हे सगळे कामगार. अर्धे तुमच्या अँटिबायोटिकने मेले, उरलेले मशीनमध्ये. आता टाकीत मासे आहेत, घाण आहे, आणि ती खाणारं कुणी नाही.

"पण बॅक्टेरिया म्हणजे..." टेपबाई म्हणाली आणि थांबली. सव्वीस वर्षं ज्या शब्दाच्या पाठी ती हात धुऊन लागली होती त्याला हा माणूस कामगार म्हणत होता. तिला त्याचा राग आला. मग त्याने झाडांबद्दल विचारलं, आणि निम्मी उपटली म्हटल्यावर तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, तेव्हा आणखी आला. झाडंसुद्धा अमोनिया पितात, म्हणाला. तेवढी तरी ठेवायची होती.

ती चार वस्तू घेऊन निघाली. पाण्यात उरलेलं औषध शोषून घ्यायला कोळशाची पुरचुंडी, बॅक्टेरियाची बाटली, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध, आणि अमोनिया तपासायचे थेंब. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं आलं तर उत्तम, हिरवं आलं तर वाईट. घरी येऊन तपासलं तर पाणी झाडाच्या पानासारखं हिरवं झालं. दुकानदाराने बजावलं होतं, आता काही धुवायचं नाही, खायला अगदी थोडं, रोज पाव टाकी पाणी बदला आणि वाट बघा. टेपबाईने बाटली ओतली. सूचना वाचून, मापाने.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली तर टाकी लखलखत होती. नवरा हात पुसत उभा होता, तोंडभर हसत.

"काचेला शेवाळ धरलं होतं, घासून टाकलं. आणि स्पंजसुद्धा जरा मळला होता, तो नळाखाली पिळून घेतला. तुला बरं वाटेल म्हटलं."

टेपबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला धुवायला?"

"कुणी म्हणजे?" नवरा गोंधळला. "तूच. वीस वर्षं."

 ती मोरीत गेली आणि स्वच्छ असलेली कढई पुन्हा घासत बसली.

दुसरी बाटली आणली. तीही लागू पडली नाही. नळीतलं पाणी रोज हिरवं, कधी जरा फिकं, कधी गडद. तिसरा मासा गेला. टेपबाईने बाटलीची तारीख तपासली, कोळसा बदलला, दुकानदाराला फोन करून फसवलंत म्हणून सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, "पाणी कुठलं घालताय?" "पिंपातलं. स्वच्छ आहे, क्लोरीन घालते मी."  तो म्हणाला, "मॅडम, मी दिलेलं क्लोरीन मारायचं औषध नळाच्या पाण्यापुरतं आहे. तुमच्यापुरतं नाही."

तिने हॉस्पिटलातून क्लोरीन तपासायची पट्टी आणून पिंपातल्या पाण्यात बुडवली. पट्टी गडद जांभळी झाली. म्हणजे रोज सकाळी एका हाताने ती बॅक्टेरिया सोडत होती आणि दुसऱ्या हाताने, कामावर जायच्या आत, त्यांना मारत होती. ती पिंपाशेजारी पाटावर बसली आणि तिला रडूच आलं. इतकी वर्षं कामात एक चूक नाही, आणि इथे एकाच टाकीत किती चुका केल्या त्याचा हिशेबच लागेना. शिवाय एकही चूक आळसाची नव्हती. सगळ्या काळजीने केलेल्या होत्या, आणि त्याचीच तिला जास्त चीड येत होती.

चौथा मासा गेला तेव्हा टाकी धुतल्याला पंधरा दिवस झाले होते. आजोबा आता वाळू सोडून वर येऊ लागला. जड, म्हाताऱ्या अंगाने धडपडत काचेवरून वर सरकायचा, पृष्ठभागाशी तोंड लावून हवा घ्यायचा आणि दगडासारखा खाली पडायचा. मुलीने होस्टेलला जाताना सगळ्यात शेवटी निरोप घेतला होता तो त्याचा. टेपबाईला ते आठवे आणि ती खोलीतून निघून जाई. मुलगी सुट्टीवर यायला पाच आठवडे होते. हा मासा मेला तर 'आईने हात लावायचा नाही' ही ओळ जन्मभर खरी ठरणार होती.

"बाटलीच्या भरवशावर बसू नका आता," दुकानदार म्हणाला. "चालत्या, जुन्या टाकीतला स्पंज आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. तयार बॅक्टेरिया एका दिवसात कामाला लागतील. माझ्याकडचा देत नाही, माझ्या टाक्यांमध्ये सध्या ठिपके आहेत. ओळखीत कुणाची जुनी टाकी आहे का?"

"नाही," टेपबाई म्हणाली.

हे खोटं होतं. पहिल्या मजल्यावर शिवणकाकू राहत होत्या. त्यांच्या खिडकीत, रस्त्यावरून दिसेल अशी, हिरवीगार टाकी होती. मुलीनेच त्यांना ती लावून दिली होती.

शिवणकाकू हे नाव मुलीचं. कपडे शिवणारी एकटी बाई, एक म्हातारं कुत्रं, आणि घरभर चिंध्या. मुलगी नऊ-दहा वर्षांची असताना शाळा सुटली की तिथेच असायची. केसांत दोऱ्यांचे तुकडे अडकवून वर यायची, आणि आई ते एकेक वेचून काढी. एकदा तिच्या डोक्यात उवा निघाल्या. त्या कुठून आल्या ते कुणालाच माहीत नव्हतं, शाळेतून आल्या असतील, पण टेपबाई जिन्यात उभी राहून चारही मजल्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "ते घर नाही, उकिरडा आहे. पुन्हा पाऊल टाकलंस तर बघ." मुलगी पाऊल टाकतच राहिली, फक्त सांगेनाशी झाली. दोघी बायका मात्र त्यानंतर नऊ वर्षं जिन्यात एकमेकींना ओलांडून जात होत्या.

त्या दारात जायचं आणि म्हणायचं काय? तुमच्याकडची घाण द्या?

दुकानदाराने सांगितलं तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी आजोबा वर येऊन खाली पडला आणि उताणाच राहिला. तिने काचेवर बोट आपटलं, तेव्हा हळूच पालथा झाला. टेपबाईने हात पुसले आणि ती तशीच, घरातल्या कपड्यांत, पहिल्या मजल्यावर गेली.

दार उघडंच होतं. शिवणकाकू गळ्यात मोजपट्टी टाकून मशीनवर वाकल्या होत्या. कुत्रं अस्तराच्या ढिगावर झोपलं होतं.

"या, सिस्टर," त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य नव्हतं.

 "ती टाकी आहे ना... तिचं जरा..."

"किती मेले?"

"चार."

"आजोबा?"

"आहे अजून."

शिवणकाकू उठल्या. त्यांची टाकी जवळून पाहिल्यावर टेपबाईच्या अंगावर काटा आला. काचा तपकिरी, पानं एकमेकांत गुंतलेली, वर हिरवा तवंग. आणि त्या सगळ्यात वीसेक मासे मजेत फिरत होते, एकही तोंड वर काढत नव्हता. काकूंनी फिल्टरमध्ये हात घातला. आत एक नव्हे, दोन स्पंज होते. त्यांनी डावीकडचा उचलला.

"हा तुमचा."

"माझा म्हणजे?"

"लेकीने लावलेला. गावाला जायच्या आधी आली होती. म्हणाली, काकू, हा जास्तीचा स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये राहू द्या, मुरेल. म्हटलं, कशाला गं? तर म्हणाली, आई कधी ना कधी टाकी धुणार. धुतली की तिला हा लागेल."

टेपबाईच्या कानशिलांवर रक्त चढलं. म्हणजे कागद चिकटवायच्या आधीच पोरीने हे करून ठेवलं होतं! आई हात लावणार हे तिने धरलंच होतं. आधी तिला संताप आला तो मुलीचा, आणि मग तो समोर होत्या त्या काकूंवर निघाला.

"मग तुम्ही वर का नाही आणून दिलात? दहा दिवस मासे मरतायत आमचे!"

"मला काय कळणार वर काय चाललंय ते?" शिवणकाकू म्हणाल्या. "आणि पोरीने सांगितलं होतं, आई मागायला आली तर द्या. शिवाय उकिरड्यातली वस्तू घेऊन तुमच्या दारात यायचं म्हणजे जरा विचारच पडतो."

हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, बटण कुठे लावायचं ते सांगावं तसं. 

"तेव्हा मी चिडले होते," टेपबाई जमिनीवरच्या चिंध्यांकडे बघत म्हणाली. "तसं बोलायला नको होतं मी."

"हो," शिवणकाकू म्हणाल्या. "भांडं द्या इकडे. नाही आणलंत? थांबा, माझं देते."

त्यांनी टाकीतलंच पाणी एका पातेल्यात घेतलं आणि स्पंज त्यात सोडला. चहासारखं पाणी झालं. "पिळायचा नाही, धुवायचा नाही, सुकू द्यायचा नाही. आणि तुमच्या हाताला साबण असेल तर शिवायचासुद्धा नाही."

टेपबाई ते पातेलं दोन्ही हातांत धरून दोन मजले चढली. दर पायरीला ते तपकिरी पाणी तिच्या मनगटावर सांडत होतं आणि ती पुसत नव्हती. घरी आल्यावर तिने वाफेतला स्पंज काढला, हा लावला, आणि फिल्टर सुरू केला. टाकीत गढूळ लोट पसरला. नवरा धावत आला, टाकीकडे बघितलं आणि मग तिच्याकडे बघू लागला.

"कुणीही हात लावायचा नाही," टेपबाई म्हणाली. "मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी नळीतलं पाणी जरा फिकट हिरवं आलं. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी आणखी एक मासा गेला, पाचवा, आणि टेपबाईने पातेल्यासकट सगळं खिडकीबाहेर फेकायचं मनात आणलं. पण तिने पाव टाकी पाणी बदललं, पिंपातलं नव्हे, नळाचं, क्लोरीन मारून. हात नुसते शिवशिवत. म्हणून तिने घरातले सगळे पडदे धुतले, कपाटं धुतली, नवऱ्याच्या कामाच्या पिशवीतले पान्हे धुतले, ते गंजले. काचेवर शेवाळाची पुटं चढत होती आणि ती रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर हात काखेत दाबून बसत होती. याच्याइतकं अवघड काम तिने हॉस्पिटलात कधी केलं नव्हतं. तिथे काम झालं की निदान रेघा काळ्या होतात.

नवव्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं आलं. तिने परत तपासलं. परत पिवळं. मग दुसरे थेंब आणून तपासलं तर नायट्राइट वर गेलेलं, तेही आठवड्याने उतरलं. आजोबा खाली वाळूत परतला होता. पानं उपटलेल्या झाडांच्या बुडख्यांतून टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आले होते.

रविवारी मुलीचा फोन आला. तिने विचारायच्या आतच टेपबाई म्हणाली, "मी टाकी धुतली. स्पंज वाफेत घातला. पाच मासे मेले. आजोबा आहे."



"खालून स्पंज आणलास?" मुलीने विचारलं.

"आणला."

"किती दिवसांनी?"

टेपबाईला हा प्रश्न नको होता. "पाणी बिघडल्यापासून बाराव्या दिवशी."

"बारा?" मुलीचा आवाज चढला. "आई, पहिल्याच दिवशी गेली असतीस तर पाचही वाचले असते. तू धुणार हे मला माहीत होतं गं. खाली जायला बारा दिवस लावशील असं नव्हतं वाटलं."

"मी जन्मात गेले नसते," टेपबाई म्हणाली. "बारा दिवसांत गेले ते लवकरच म्हण."

 मुलीने नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नवा स्पंज आण आणि काकूंच्या टाकीत लावून ये."

"कशाला? सांगितलं ना, आता हात लावणार नाही म्हणून!"

"लाव गं."

"म्हणजे अजून विश्वास नाहीच माझ्यावर?"

"नाही," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

टेपबाई संतापली. दुपारभर तणतणली. नवऱ्याला सांगितलं की या घरात माणसाने कितीही केलं तरी कुणाला किंमत नाही. नवऱ्याने हो म्हटलं, तर हो का म्हणता म्हणून त्यालाही बोलली. मग टाकीसमोर जाऊन बसली. काचेवर शेवाळ होतं, कोपऱ्यात तर बोटभर जाड. तिने बघितलं तर तिचा अंगठा काचेच्या कडेवर होता, आणि पदराचं टोक त्याच्याभोवती गुंडाळलेलं होतं. ते कधी गुंडाळलं ते तिलाही कळलं नव्हतं.

ती उठली, दुकानात जाऊन एक स्पंज आणला, आणि पहिल्या मजल्यावर गेली.

शिवणकाकूंनी तिच्या हातातली पिशवी पाहिली. "परत धुतली की काय?"

"नाही अजून," टेपबाई म्हणाली. "पण धुईन मी कधीतरी. हा तुमच्याकडे ठेवा."